समोरच्या गॅलरीची झील

कुपवाड,
५ नोव्हेंबर २०२५

आण्णा, पाया पडते.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुम्ही पलीकडून नुसतं "बरं, बरं" म्हणता. थोरल्या आईनं दम दिलाय की काही कामाचं असेल तर कागदावर लिहीत जा. म्हणून लिहितेय, आणि कामाचंच लिहितेय. आबा पुन्हा गाणार आहेत.

तुम्हाला खोटं वाटेल. भाऊसोकाका गेल्यापासून आबांनी ओवीचं नाव काढलं नव्हतं. आबांनी ओळ टाकायची आणि मागून भाऊसोकाकांनी ती उचलून झील धरायची, यातच दोघांचा जन्म गेला. झील धरणाराच गेला, आता पुढची ओळ कुणाच्या जिवावर टाकू, असं म्हणून ते नुसते मेंढरांमागं हिंडत होते. पण आता वस्तीवरचा शिवतेज झील धरायला शिकलाय. कामाचा गडी आहे, दोन पोरांचा बाप आहे, तरी आबांची बोलणी मुकाट्यानं खातो.

सांगलीबाहेर नवीन स्टेडियम झालंय. उद्घाटनाला मुंबईचा मोठा बँड येतोय आणि त्याच्या आधी थोडा वेळ आपल्या मातीतलं काहीतरी ठेवायचंय. साऊंडचं काम आमच्या विश्वजितशेठना मिळालं. मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये स्पीकरच्या खोक्यांचं वायरिंग बघते हे तुम्हाला ठाऊक आहेच. मीच म्हटलं, माझ्या वडलांचा गजा, म्हणजे धनगरी ओवीचा मेळा, बोलवा. शेठ हसले. मग मोबाईलमध्ये आबांच्या ओवीचा एक तुकडा होता तो ऐकवला, तेव्हा म्हणाले, बोलव.

आबांना एवढंच हवंय की तुम्ही यावं. "लोकं काय, टाळ्या वाजीवत्यात. दादाचा कान खोटं बोलत न्हाई," म्हणतात. आता तर तुमच्या कानाला मशीनही आहे. याल ना?

तुमची,
अक्षता

*

सातारा,
१३ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षता,

तुझं पत्र तुझ्या थोरल्या आईला, आक्काताईला, मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं ओरडू नका, बहिरी मी नाही. या बाईला नवऱ्याची कणव म्हणून नाही. पण बातमी ऐकून चुलीपुढून उठली आणि देवापुढं साखर ठेवली.

यायला मिळणार नाही, पोरी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे आणि तिला संडासापर्यंत धरून न्यायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

दुसरी एक गोष्ट सांगतो, ती तुझ्यापाशीच राहू दे. मशीनचा काही उपयोग नाही. नोकरी तोफखान्यात झाली, तोफेच्या बाजूलाच उभं राहण्यात वर्षं गेली. डॉक्टर म्हणाला, नसच मेली आहे. मशीन लावलं की डोक्यात पिठाची गिरणी चालू होते, बाकी काही नाही. समोरच्याचे ओठ बघून मी बोलणं ओळखतो आणि त्यात मी आता चांगला तयार झालोय. आक्काताईनं मोठ्या हौसेनं ते कानात बसवलं आणि विचारलं, येतंय का ऐकू? मी म्हणालो, येतंय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मागं कसं फिरणार? तुझ्या बापाला, अर्जुनालाही तेच सांगून बसलोय. तेव्हा आलो असतो तरी डोळ्यांनीच ऐकलं असतं.

भाऊसोच्या आधी अर्जुनाची झील मी धरायचो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी भरती झालो आणि ते सुटलं. त्याला माझा निरोप दे: जागा मोठी आहे, माणसं मोठी आहेत, म्हणून घाई करायची नाही. झील पुरी झाल्याबिगर पुढची ओळ टाकायची नाही. आमच्या बापाचा दंडक होता, त्यात फरक करू नको म्हणावं.

आण्णा

*

कुपवाड,
२४ नोव्हेंबर २०२५

आण्णा,

कार्यक्रम झाला. आबा थोडे दमलेत, वस्तीवर परत गेलेत. माझीही धावपळ झाली म्हणून जास्त लिहीत नाही. थोरल्या आईला जपा.

अक्षता

*

सातारा,
१ डिसेंबर २०२५

चि. अक्षता,

एवढं मोठं कार्य झालं आणि तुझं पत्र तारेसारखं. कंजूषपणा कुठून शिकलीस? पण तुझ्यावाचून आमचं काही अडलं नाही. आजीला बघायला आलेल्या आमच्या प्रांजलनं मोबाईलवर त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ शोधून काढला. नात असावी तर अशी. मी तिला म्हटलं, मला आवाजाचं सांगू नको, मला बघू दे. ती बिचारी काही बोललीच नाही.

काय गर्दी गं! सगळ्या लोकांनी हात वर केलेले, एका ठेक्यात टाळ्या चाललेल्या. मोबाईलचे दिवे हलत होते. आणि आमचा अर्जुना! कांबळं खांद्यावर, हात कानाला. एकेक ओळ टाकून कसा थांबत होता! राजे लोक दरबारात थांबतात तसा. माझा निरोप त्यानं मानला म्हणायचा. मध्येच मान डोलावत होता, हसत होता. त्याला असं हसताना मी भाऊसो गेल्यापासून पाहिलं नव्हतं. व्हिडिओ मध्येच संपला, पुढचा शोध म्हटलं तर प्रांजल म्हणाली, नाही आहे.

मी तसाच उठून पेढे आणले आणि आमच्या माजी सैनिकांच्या कट्ट्यावर वाटले. सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावानं स्टेडियम गाजवलं. आक्काताईसुद्धा वॉकर धरून दारापर्यंत आली.

आता त्याला विचार, माघातल्या जत्रेत बिरोबाच्या जागराला गाणार ना? यंदा मी येणार. पुढं बसणार.

आण्णा

*

कुपवाड,
८ डिसेंबर २०२५

आण्णा,

तुमचं पत्र आलं तेव्हापासून उशाखाली आहे. उत्तर द्यावं की देऊ नये, कळत नव्हतं. पण आता तुमच्याशिवाय इलाज राहिला नाही, म्हणून सगळं खरं लिहिते.

ते स्टेडियम गाण्यासाठी नाहीच. समोरची गॅलरी म्हणजे उघड्या काँक्रीटच्या पायऱ्या आणि वर पत्रा. तपासणीच्या दिवशी मी स्टेजवरून एक टाळी वाजवली, ती समोरून जशीच्या तशी परत आली. शेठना सांगितलं. ते म्हणाले, माणसं बसली की आवाज बसतो, अंगं आवाज खातात. ते खोटं नाही. पण गॅलरीच्या जिन्याचं काम राहिलं होतं म्हणून ती उघडलीच नाही. माणसं सगळी खाली मैदानात आणि समोरची भिंत मोकळी. बँडचा आवाजसुद्धा इतका फाटत होता की एक शब्द कुणाला कळला नाही. पण बँडवाल्यांना कानातल्या वायरीतून आपलं गाणं नीट ऐकू येतं आणि पोरांना नाचायचंच असतं, म्हणून त्यांचं भागलं.

आबांनी देवाला आळवून सुंबरान मांडलं. पहिली ओळ काय टाकली, आण्णा! माझ्या अंगावर काटा आला. शिवतेजनं झील धरली. ती संपते न संपते तोच समोरून तीच ओळ परत आली. आबा थांबले. त्यांना वाटलं, पलीकडच्या बाजूलाही झील धरणारे उभे केलेत. आपला मान ठेवलाय. आणि झील पुरी झाल्याबिगर पुढं जायचं नाही, तुमचा निरोप मी आदल्याच दिवशी वाचून दाखवला होता. म्हणून ते थांबून राहिले. शिवतेजला वाटलं आबा ओळ विसरले, त्यानं सावरायला पुन्हा झील धरली. ती पुन्हा समोरून आली. आबा पुन्हा थांबले. दुसरा कुणी गाणारा असता तर रेटून पुढं गेला असता. ही चूक आपल्याच माणसांना होण्यासारखी होती.

त्या टाळ्या शाबासकीच्या नव्हत्या. बँड लवकर यावा म्हणून लोक ठेक्यात टाळ्या पिटत होते. "आजोबा, घरी जा" म्हणून ओरडत होते. दिवे त्यासाठीच हलत होते. आबांना त्यातलं काही कळत नव्हतं. समोरची झील कशी बिनचूक येतेय, याचंच त्यांना कौतुक. तुम्ही त्यांना मान डोलावताना पाहिलंत ना, ती दाद होती. शेवटी त्यांना राहवलं नाही आणि ते माईकवरच म्हणाले, "वा गड्या!"

समोरून आलं, "वा गड्या!"

सगळं मैदान हसलं. आबा उभेच राहिले. तेवढ्यात कुणीतरी माईक बंद केला आणि सूत्रसंचालन करणारी सोनिया नावाची मुलगी हसत हसत त्यांचा हात धरून त्यांना खाली घेऊन आली. तिचीही चूक नाही, तिला तसंच सांगितलं होतं.

टेम्पोत त्यांनी कांबळं घडी करून मांडीवर घेतलं. मग मला विचारलं, "त्यो म्हातारा मीच व्हय गं?"

मला आधी कळेना. म्हणाले, "समूरनं जो गात हुता त्यो. लय थकलेला आवाज. पार फुटलेल्या मडक्यावानी. मला वाटलं, बिचाऱ्याला येवढ्या लांब कशाला हुबा क्येला." आणि मग, "मला कुनी सांगितलंच न्हाई. तुमी समद्यांनी चालू दिलं."

मी किती समजावलं. काँक्रीटवर आपटून आलेला आवाज खराबच होतो, कुणाचाही होतो, तो बँडसुद्धा तसाच ऐकू येत होता. हे माझं रोजचं काम आहे, आण्णा. पण ते म्हणतात, "तू लेक हायस. तू आनि काय म्हननार?" शिवतेजला म्हणतात, तू चेला आहेस. तेव्हापासून ते मेंढरांना हाकसुद्धा घालत नाहीत, काठीनं वळवतात.

बिरोबाची पुरी ओवी आता फक्त आबांच्या तोंडी आहे. शिवतेजला अर्धी येते. माझ्या मोबाईलमध्ये आहे तो सुरुवातीचा तुकडा, कारण जागराशिवाय पुरी ओवी ते कुणापुढं म्हणत नाहीत. पुढचं शिकवा म्हटलं तर म्हणतात, "असल्या तोंडानं देवाची ओवी दिऊ ने." यंदाच्या जागराला गाणार नाही असं त्यांनी वस्तीवर सांगून टाकलंय. एकदा सोडलं की ते पुन्हा धरायचे नाहीत, तुम्हाला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. मग ती ओवी त्यांच्याबरोबरच जाणार.

माणूस त्यांच्या मनात एकच उरलाय. परवा शिवतेजला म्हणाले, "दादानं ऐकून सांगितलं तर खरं मानीन."

तुम्हाला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलंत. तरी मागते. या, त्यांच्यासमोर बसा आणि आवाज चांगला आहे असं म्हणा. ते खोटं नाही, आण्णा. आवाज खरंच चांगला आहे, मी माझ्या कानांनी ऐकलाय. फक्त माझ्या कानांनी ऐकलेलं तुमच्या तोंडातून यायला हवं.

अक्षता

*

सातारा,
१६ डिसेंबर २०२५

चि. अक्षता,

पेढे खाल्लेली माणसं अजून रस्त्यात हात हलवून मला शाबासकी देतात. मी हात जोडतो. दुसरं काय करू?

तुझ्यावर राग आला होता. मग त्या शेठवर आला, गॅलरी बांधणाऱ्यावर आला. प्रांजलवर आला, तिनं सगळं ऐकलं होतं आणि मला पेढे आणू दिले. शेवटी उरला तो माझ्यावर. थांब म्हणून निरोप मीच दिला होता. मी काय मोठा शाहिरांचा गुरू लागून गेलो होतो की ज्या जागेत पाय ठेवला नाही तिथं कसं गावं हे घरबसल्या शिकवावं?

तू बहिऱ्याला परीक्षेला बसवतेयस हे तुझं तुला कळतंय ना? अर्जुना माझ्याशी आयुष्यात कधी खोटं बोलला नाही. लहानपणी मार खाल्ला, पण बोलला नाही. त्याच्यापुढं बसून मी नाटक करायचं.

करीन. आक्काताई वॉकर सोडून चालायला लागली की येतो. तिलाही सांगणार नाही. तू तिथं येऊ नकोस. तुझ्या तोंडाकडं बघून त्याला लगेच कळेल.

आण्णा

*

कुपवाड,
१२ जानेवारी २०२६

आण्णा!

किती दिवसांनी मला नीट झोप लागली! परवा आबांचा फोन आला, स्वतःहून. आवाज शांत होता. म्हणाले, "दादा आलता. माळावर बसलो दोघं. त्येनं ऐकलं. बरा हाय म्हनला." एवढंच म्हणाले, पण तुम्हाला सांगू, मला रडू आलं. शिवतेज सांगत होता की तुम्ही दोघं दुपारी मेंढरांबरोबर वर गेलात आणि त्यानं खालून पाहिलं तर तुम्ही आबांच्या मागं उभं राहून झील धरत होतात. वारा उलटा होता म्हणून त्याला ऐकू तुमचीच झील आली. या वयात! थोरल्या आईला सांगू का?

जागराचं मी मुद्दाम विचारलं नाही. उगीच घाई नको. पण मी रजा टाकलीय आणि शेठकडून चांगला रेकॉर्डर मागून ठेवलाय. आबांच्या लक्षात येणार नाही असा लांब ठेवीन. यंदा पुरी ओवी उतरवून घ्यायची.

तुमचे उपकार कसे फेडू? आपल्या घरात ही ओवी राहिली तर ती तुमच्यामुळं राहिली, असं मी माझ्या पोरांना सांगेन.

तुमचीच,
अक्षता

*

सातारा,
१९ जानेवारी २०२६

चि. अक्षता,

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. वाटलं, तुला आठवडाभर आनंदात राहू द्यावं. पण तू त्या रेकॉर्डरची तयारी करतेयस, ती बघवत नाही.

आम्ही माळावर गेलो. त्यानं मला समोर दगडावर बसवलं, स्वतः उभा राहिला, हात कानाला लावला आणि सुरू केलं. मी त्याच्या ओठांवरून नजर काढली नाही. पुरी ओवी मला आता आठवत नाही, पण या सुरुवातीच्या ओळी लहानपणापासून ऐकलेल्या, एकेक शब्द मला दिसत होता. कुठं चुकला नाही. ओळ संपल्यावर मी म्हणालो, "व्वा! अगदी पयल्यासारका. काय बी झाल्यालं न्हाई तुझ्या आवाजाला." मी मोठ्या खुशीत म्हणालो. माझं मलाच खरं वाटलं.

आणि तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्याला गाताना बघून मला राहवेना. मी उठलो आणि झील धरायला त्याच्या मागं गेलो. आम्ही दोघं भाऊ गायचो तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवायचो. वाऱ्यात शब्द उडून जायचे, मग ओळ कुठं संपते हे हाताला कळायचं. गाणाऱ्याची पाठ हाताखाली थरथरते. तू दिवसभर स्पीकरच्या खोक्यांना हात लावतेस, तुला हे सांगायला नको.

हात ठेवला. पाठ थरथरत नव्हती.

त्याचे जबडे हलत होते, मान हलत होती. पण पाठ जागची हलत नव्हती. माझे कान गेलेत, हात गेलेला नाही. तो गातच नव्हता, अक्षता. पहिल्या ओळीपासून नुसते ओठ हलवत होता. आणि मी त्याला पहिल्यासारखा आहे म्हणून सांगून मोकळा झालो होतो.

मी काय करायला हवं होतं? त्याला गदागदा हलवून सांगायला हवं होतं की हो, मी बहिरा आहे, पण तुझा आवाज चांगला आहे असं तुझी लेक सांगते? ती सांगते हे त्याला आधीच माहीत होतं. मी झील धरली. त्यानं ओठ हलवायचे आणि मी मागून ओरडायचं, असं बराच वेळ चाललं. मेंढरं माना वर करून बघत होती. माझा आवाज कसा येत होता ते मला कळत नव्हतं, पण त्याला एकट्यालाच तो सोसावा लागला.

मग तो वळला. माझ्या कानातलं मशीन सैल होऊन लोंबत होतं, ते त्यानं दोन्ही हातांनी नीट बसवलं. माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाला, मला दिसावं म्हणून, "मशीन झ्याक हाय, दादा."

मी म्हणालो, "व्हय."

तो माझ्याशी खोटं बोलल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. तुलाही फोनवर तेच बोलला, माझी लाज राखायला. आक्काताईपर्यंत काही जाऊ नये म्हणून. तो माळावर गायला आलाच नव्हता. माझ्या कानात काही शिल्लक आहे का, एवढं बघायला आला होता. नव्हतं. आता त्याच्या आवाजाचं खरं सांगणारं माणूस जगात उरलं नाही, असं त्याच्या मनानं घेतलंय. आणि ते घ्यायला मीच कारण झालो. तू मला जे करायला सांगितलंस त्यानं तुझं शेवटचं दार बंद झालं, पण दोष तुझा नाही. मी न येता नुसतं "आवाज चांगला असेल" असं लिहून पाठवलं असतं तरी त्यानं कदाचित मानलं असतं.

तो जागराला गाणार नाही. त्या दिवशी घसा बसल्याचं सांगेल. रेकॉर्डर शेठना परत दे.

पण रजा मोडू नकोस. तू ये. शिवतेजला येते तेवढी अर्धी ओवी तो म्हणेल, त्याला म्हणू दे. ती जिथं संपेल तिथं सगळा गाव पुढच्या ओळीची वाट बघेल आणि सगळ्यांचे डोळे अर्जुनाकडं वळतील. त्या वेळी त्याच्या शेजारी आपलं कुणीतरी बसलेलं पाहिजे. मी येणारच आहे, बसेनही. पण अंधारात मला ओठ दिसत नाहीत. ओवी थांबली ते मला कळायचं नाही.

आण्णा